भट्टीवरचा माणूस

गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. शेजारी एक बेकरीवाला आतल्या दाराकडे डोळे लावून बसला होता. पलीकडच्या बाईंनी त्याला विचारलं,

"वडील आहेत का आत?"

"नाही हो, माझा भट्टीवाला. वडिलांच्या वेळीसुद्धा इतका घाबरलो नव्हतो."

"एवढं काय?"

"दुसरा माणूस मिळतच नाही! जाहिरात दिली, पाटी लावली, मेव्हण्याच्या मागे लागलो. परवा एकजण आला, तो भट्टीची धग बघून नाव न सांगताच पळाला."

"आणि हे?"

"सोनं आहे सोनं! तो भट्टीवर असला की मी निवांत झोपतो. दिवसभर उभा असतो, पण तक्रार म्हणून नाही."

"राहतात कुठे?"

"इथेच, पुलाजवळ. का हो?"

दार उघडलं. एक म्हातारा भिंतीला धरत बाहेर आला. बेकरीवाला ताडकन उठला.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"उभं राहणं कमी करा म्हणाले, मालक."

"करू, करू काहीतरी. चला आता, पाव खोळंबलेत."

बाईंनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"काका, जरा टेका इथे. माझीही बेकरीच आहे. आमच्या भट्टीपाशी खुर्ची असते."

म्हातारा बसला.