जप्त केलेल्या पहारीबाबत

नाव: गावात मला थोरली सुईण म्हणतात, तेच लिहावे. वय: अठ्ठावन्न. धंदा: पूर्वी घरोघरी बाळंतपणे करणे, गेली सहा वर्षे बायकांना समजावून आरोग्य केंद्रात पोचवणे. राहणार: पाण्याच्या टाकीमागे, शेवटचे घर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी माझ्याविरुद्ध कुलूप तोडल्याची आणि एक पांढरी चादर खराब केल्याची तक्रार दिली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

माझ्या थोरल्या सुनेचे पहिले बाळंतपण मी घरीच केले होते. बाळ रडले नाही. माझ्या हातांना येत होते तेवढे सगळे मी केले. त्यानंतर मी धंदा सोडला आणि दारोदार सांगत सुटले की बाई, घरी नको, दवाखान्यात चल. लोक म्हणायचे, सुईणीलाच दवाखान्याचं वेड लागलं.

काल सकाळी दहा वाजता सुनेला पुन्हा कळा सुरू झाल्या. माझा मुलगा, ती आणि मी रिक्षाने पावणेअकराला केंद्रावर पोचलो. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: 'बाळंतपण दवाखान्यात, आई-बाळ सुखात.' त्याच्याच खाली बाळंतपणाच्या खोलीला कुलूप होते.

मी शिपायाला विचारले. तो म्हणाला, "मावशी, आज तपासणीची समिती येतेय. सगळ्यात स्वच्छ खोलीला बक्षीस आहे. एक तारखेपासून खोली धुऊन ठेवलीय, कुणालाच आत सोडत नाही."

"मग आलेल्या बायांचं काय करता?"

"मोठ्या दवाखान्यात पाठवतो. पण गाडी आज समितीला आणायला गेलीय."

डॉक्टरसाहेब बाहेर आले. कपडे इस्त्रीचे होते. म्हणाले, "आजी, तासभर कळ काढा."

मी म्हणाले, "साहेब, कळ ती काढतेच आहे. तुम्ही किल्ली काढा."

त्यावर ते म्हणाले की आतली चादर नवी आहे. इतकी वर्षे मी बायकांना सांगत आले, दवाखान्यात यायला लाजू नका. दवाखान्यालाच बायकांची अडचण होते, हे मला कुणी सांगितले नव्हते.

बाहेरच्या बाकावर बाळंतपण करणे मला जड नव्हते. पण बाळाला श्वास देण्याची रबरी पिशवी कुलपाच्या आत होती. सुनेने माझा हात घट्ट धरला आणि "आई, या वेळी तरी" एवढेच म्हणाली. मला फार भीती वाटली. अंगणात स्वागताचा फलक रोवायला एक गडी खड्डा खणत होता. त्याची पहार घेऊन मी कोयंड्यात घातली. दोन हिसक्यांत कुलूप निघाले. शिपाई तेव्हा दुसरीकडे बघत होता, ते त्याच्या अंगाशी येऊ नये.

नर्सबाई साहेबांना न विचारता धावत आत आल्या. अकरा वीसला मुलगी झाली. ती रडली नाही. नर्सबाईंनी पिशवीने श्वास दिला. किती वेळ दिला, ते मला सांगता येणार नाही. मग ती रडली. मीही रडले, हे लिहिले नाही तरी चालेल.

तेवढ्यात समिती आली. समितीच्या बाईंनी विचारले, "या महिन्यात इथं किती बाळंतपणं झाली?" साहेब शिपायाकडे बघू लागले. शिपाई म्हणाला, "ही पहिलीच." बक्षीस दुसऱ्या केंद्राला गेले. साहेबांना वाईट वाटणे साहजिक आहे.

चादर मी धुऊन वाळत घातली आहे. डाग गेलेला नाही.

माझी एक विनंती आहे. जप्त केलेली पहार त्या गड्याला लवकर परत द्यावी, म्हणजे मला पुन्हा मागून घेता येईल. माझी धाकटी सून आठव्या महिन्यात आहे आणि तिलाही मी दवाखान्यातच नेणार आहे.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना ते शेवटची विनंती गाळून पुढे गेले. मी ती पुन्हा वाचायला लावली. आता सगळे मी सांगितले तसेच आहे.