काटा ठीक होता

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे संचालक, मंचावरील पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा आहे आणि ज्यांना या इमारतीत सगळे नुसते 'बाई' म्हणतात, त्या आमच्या विभागप्रमुख, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या धाकट्या भगिनी, आणि पुढे खुर्च्या रिकाम्या असूनही मागे भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला भाषणाची सवय नाही, अहवालाची आहे. म्हणून आधी घडले ते क्रमाने सांगते.

१. गेल्या महिन्यात आमच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्म वजनकाटा स्थिर राहीनासा झाला.
२. बाईंनी तो पुसला, समतल केला, टेबल तपासले, एसी बंद करून पाहिला. फरक पडला नाही.
३. तंत्रज्ञ आला. काटा ठीक आहे, असे लिहून देऊन गेला.
४. बाईंनी दुसरा तंत्रज्ञ बोलावला. त्याचेही तेच मत पडले.
५. काटा फक्त बाई वजन करत असतानाच हलत होता.
६. हे बाई सोडून सगळ्यांच्या लक्षात आले होते.

यातले काहीही मी त्यांच्या परवानगीवाचून सांगत नाही. परवानगी देताना त्यांनी दोन अटी घातल्या. एक, काहीही फुगवून सांगायचे नाही. दुसरी अट मी शेवटी सांगेन.

पाहुण्यांसाठी थोडे आमच्या खोलीविषयी. आम्ही दुसऱ्यांची वजने तपासतो. दुकानातले, कारखान्यातले वजन खरे आहे की नाही, ते आमचा काटा ठरवतो. तो काचेच्या पेटीत असतो. त्या खोलीत वारा नाही, आवाज नाही. खिडकीची काच दुहेरी, त्यामुळे उजेडसुद्धा गाळून आल्यासारखा येतो. पेटीचे दार लावले की शेवटचा आकडा थोडा वेळ तरंगत राहतो, पाण्यात सोडलेल्या पिसासारखा. मग हळूहळू थांबतो. तो थांबताना पाहणे हे आमचे काम आहे. असे काम करून पगार मिळतो, हे माझ्या आईला अजून पटत नाही.

आत येणाऱ्याने आधी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे, हा बाईंचा नियम. चालून आलेल्या माणसाचा श्वास जोरात असतो, अंग तापलेले असते. तेवढ्यानेही हवा हलते. श्वास खाली बसला की मग वजने उचलायचा चिमटा हातात घ्यायचा. नियम तांत्रिक आहे. पण माणूस शांत बसला की त्याचे काय काय वर येते, हे तुम्हाला मी सांगायला हवे का?

आमच्या स्टोअरकीपरना आम्ही 'रेडिओ' म्हणतो. ते मागे उभे आहेत आणि आत्ताही शेजाऱ्याशी बोलत आहेत. एकदा ते त्या खुर्चीवर बसले आणि गप्पच राहिले. बाईंनी विचारले, कसे आहात? ते म्हणाले, ठीक. बाई म्हणाल्या, "ठीक हे कुठलं एकक? मला मोजता येत नाही." रेडिओंनी मग सांगितले, की मुलगी त्यांच्याशी बोलत नाही, घरात घास घशाखाली उतरत नाही. बाईंनी उपदेश केला नाही. फक्त म्हणाल्या, आज चिमटा धरू नका, बाहेर एक चक्कर मारून या. पुढे त्यांनीच संचालकांच्या मागे लागून आमच्याकडे समुपदेशक येण्याची सोय केली. आम्ही निम्मे लोक त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून आलो आहोत. मीही. कशासाठी, ते आजच्या विषयात येत नाही.

तर बाईंचा हात कापत होता. तो टेबलाला टेकला की थरथर काट्यापर्यंत पोचत होती. सांगायचे कोणी? रेडिओ म्हणाले, जाऊ दे, चार दिवसांच्या पाहुण्या आहेत, हसऱ्या तोंडाने जाऊ देत. म्हणजे आम्ही सगळे मिळून एका ठणठणीत यंत्राला आजारी ठरवायला तयार होतो, कारण माणसाला विचारणे अवघड होते. मापनशास्त्र शिकलेल्या लोकांनी करावी अशी ही चूक नव्हे. पण कदाचित आम्हीच ती करू शकतो. बिघाड म्हटला की आमची नजर आधी उपकरणाकडे जाते.

मी आत गेले. म्हटले, "बाई, माझ्या हातून काटा थांबतो."

त्यांनी चिमटा खाली ठेवला. पेटीकडे पाहिले. आकडा तरंगत होता. मग त्या जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. त्यांना तिथे बसलेले मी कधीच पाहिले नव्हते. उजेड त्यांच्या मांडीवर पडला होता आणि त्यातून धूळ इतकी सावकाश उतरत होती, की ती उतरते आहे की वर जाते आहे ते कळेना.

त्या म्हणाल्या, "घरी बसल्यावर सकाळी मी कुणाला विचारायचं गं, कशी आहेस म्हणून?"

मग त्यांनी सांगितले, की झोप लागत नाही, डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, शरीरात काही निघाले नाही. समुपदेशकांना भेटा, असे त्यांनी सुचवले आहे. मी विचारले, मग? तर म्हणाल्या, "इतरांना पाठवणं वेगळं. मीच त्या बाकावर येऊन बसले तर तुम्ही काय म्हणाल?"

मी म्हटले, "सरकून जागा देऊ."

त्या हसल्या. पण हो म्हणाल्या नाहीत. अजून समुपदेशकांकडे गेल्याही नाहीत.

रोजच्या जगण्यात मन कसे सांभाळावे, यावर आज दोन शब्द बोलावेत असे संयोजकांनी मला सुचवले होते. मला इतकेच कळते. कामाला हात घालण्यापूर्वी थोडे बसावे. कोणी विचारले तर 'ठीक'च्या पुढचा एक शब्द सांगावा. आणि जी व्यक्ती सगळ्यांना विचारत फिरते, तिला कोणी विचारले आहे का, ते पाहावे. आम्ही पाहिले नव्हते.

संयोजकांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकले, त्याबद्दल आभारी आहे. माझे बोलणे कोरडे वाटले असेल किंवा मानपानात कुठे कमी-जास्त झाले असेल, तर ते पोटात घालावे.

आता ती दुसरी अट. बाई म्हणाल्या होत्या, "एकटीला विचारशील तर मी हसून टाळेन. सभागृहात विचार."

बाई, समुपदेशकांकडे बुधवारी दुपारची वेळ तुमच्या नावाने राखून ठेवली आहे. ती रद्दही करता येते. मी बाहेर थांबेन. येणार की नाही, ते मला सोमवारपर्यंत कळवावे.