आदामाला धरा

दक्षिण कोरियातल्या देगू शहरातल्या इस्पितळात, काचपेटीतल्या बाळांच्या खोलीबाहेर बसलेल्या गितेकच्या कानावर शेजारी बसलेल्या सासू-सुनेचं बोलणं पडत होतं.

“हेरिम, फादरना यायला उशीर होईल. मीच बाळाच्या डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा देते, पाप धुतलं जाईल. अडीनडीला चालतं.”

“आई, सातव्या महिन्यात जन्मलंय ते. त्यानं कसलं पाप केलं?”

“त्यानं नाही गं, आदामानं. पहिल्या माणसाचं पाप सगळ्यांना जन्मतःच लागतं.”

“मग आदामाला धरा! माझ्या पोराला कशाला शिक्षा?”

“बायबलात लिहिलंय.”

“लिहिलं म्हणजे खरं?”

“मला नाही कळत. पण माझा पहिला असाच गेला, बाप्तिस्म्यावाचून. तो कुठं असेल, हा घोर अजून सुटत नाही.”

आत काचपेटीची धोक्याची घंटी वाजू लागली. नर्स धावली.

“आई...”

“काय गं?”

“पाणी कोमट असलं तर चालतं ना?”