साठाव्या पायरीवरच्या रेघा

"आजी, तुम्ही वर पोहोचेपर्यंत संध्याकाळ नाही का होणार?" मैत्रिणींनी विचारून दाखवायची पैज लावली म्हणून त्या मुलीने दीपस्तंभाच्या रांगेतल्या म्हातारीला विचारलंच.

"होऊ दे. मी इथेच रांगायला शिकले. माझे वडील वरचा दिवा सांभाळायचे."

"ताई, गुडघे बघ आधी," शेजारी उभे असलेले आजोबा, तिचे धाकटे भाऊ, म्हणाले.

"साठाव्या पायरीपाशी बाबा भिंतीवर आपल्या दोघांची उंची कोरायचे, आठवतं? तुझी रेघ कायम माझ्या खाली."

"त्यावर रंग चढला असेल आता."

"मग बोटांनी चाचपेन. उद्यापासून वर्षभर दुरुस्तीला बंद. पुढच्या वर्षीचं कोणी बघितलंय?"

"माझ्याच्याने चढवत नाही गं. तुला हात कोण देणार?"

मुलगी मागे उभ्या असलेल्या आई-बाबांकडे वळली.

"आई, बाबा, बोटीची फेरी तुम्ही सगळे करून या. मी आजींबरोबर वर जातेय, सावकाश."