सातव्या संगणकाची वाट

आदरणीय अध्यक्ष महोदय, प्राचार्य मॅडम, व्यासपीठावरील पाहुणे, सहकारी, विद्यार्थी मित्रहो, आणि मागच्या रांगेत बसलेले आमच्या प्रयोगशाळेचे परिचर पंडितराव,

माझ्या निवृत्तीनिमित्त आपण शाल दिलीत, फार चांगलं बोललात. अध्यक्ष म्हणाले, सरांनी जिंतूर तालुक्याला विजेचा इशारा देणारी यंत्रणा उभी केली. केली, हे खरं. पुढचं मी सांगतो.

ढग तासाभरात डोक्यावर येतो. आमचा एक संगणक वीज कधी, कुठं पडेल याचं गणित गावागणिक एकामागून एक करत तीन तास घ्यायचा. वीज पडून गेल्यावर आलेला इशारा काय कामाचा? म्हणून तालुक्याचा नकाशा बारा तुकड्यांत वाटला आणि बारा संगणक एकदम जुंपले. वीस मिनिटांत उत्तर! त्या दिवशी मी पेढे वाटले होते.

पण ढग तुकड्यांची हद्द पाळतो थोडाच? दर टप्प्याला शेजारच्या संगणकाचं उत्तर आल्याशिवाय पुढचा टप्पा होत नाही. विभागातल्या माझ्या सहकारी धम्मशीला मॅडमनी तेव्हाच विचारलं होतं, "सर, एखादा अडकला तर?"

"बाकीचे थांबतील."

"त्याचं मागचंच उत्तर धरून पुढं जाऊ द्या ना. थोडं चुकेल, पण वेळेवर येईल."

"चुकीचं उत्तर मी देणार नाही," मी म्हणालो. विभागप्रमुख होतो ना!

गेल्या ऑक्टोबरात, दुपारी तीनला, सातवा संगणक अडकला. अकरा गप्प उभे. पंडितराव माझ्या शेजारी होते. म्हणाले, "सर, घरी फोन लावू का? आभाळ लय भरून यायलंय. सरजा कापूस वेचायलीय."

मी म्हणालो, "थांबा हो, उत्तर येऊ द्या."

माझ्या शब्दाखातर ते थांबले.

वीज साडेतीनला पडली. सातवा सुटला आणि आमचा इशारा तीन पन्नासला गेला. बांधावरच्या पिशवीत पंडितरावांच्या पत्नी सरजाबाईंचा मोबाईल वाजला, तेव्हा बायका त्यांना उचलत होत्या. उत्तर मात्र अगदी बरोबर होतं. गाव बरोबर, वेळही बरोबर.

धम्मशीला मॅडमनी दुसऱ्याच आठवड्यात तो थांबण्याचा नियम बदलला. प्रोग्रॅममध्ये चार ओळींचं काम होतं. पंडितराव तेराव्यानंतर कामावर आले आणि बाराही संगणक पुसू लागले. सातवाही, नेहमीसारखाच. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

आपण सगळे आलात, ऋणी आहे. बोलताना कुठं तोल गेला असेल, तर सभेनं सांभाळून घ्यावं. पंडितराव, तुमच्याकडं मात्र एवढंही मागायचं तोंड मला नाही.