उढाण वस्तीच्या फोनला चार वेळा ‘घर बंद’

मी, मच्छिंद्र किसन खरात, वय ५१ वर्षे, धंदा नोकरी (टेलिफोन लाइनमन), रा. काळेगव्हाण, ता. घनसावंगी, जि. जालना. आज दि. १४/०३/२००३ रोजी पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून हजर आहे व विचारल्यावरून खरे ते सांगतो की,

मी सत्तावीस वर्षे तारेच्या कामावर आहे. पूर्वी तक्रार वहीत लिहीत. दुरुस्तीनंतर टेलिफोन केंद्रातून त्या घरी फोन लावायचा व घरच्या माणसाने “येतो आवाज” म्हटले तरच वहीतली ओळ खोडायची, असा आमचा रिवाज होता. मागील वर्षी वरून नवी पद्धत आली. साऱ्या जगात फोनचे जाळे एकाच नमुन्याने सांभाळतात, असे प्रशिक्षणात सांगितले. तक्रार कॉम्प्युटरवर, कारणाला ठरलेला आकडा, चोवीस तासांत निकाल. नाहीतर जालन्याच्या कार्यालयातील पडद्यावर आमचे केंद्र लाल दिसते. घरी फोन लावून विचारण्याचा रकाना त्या नमुन्यात नव्हता. म्हणून रिवाज गेला.

दि. २० फेब्रुवारी रोजी रस्त्याच्या खोदकामात उढाण वस्तीची केबल तुटली. वस्तीवर साहेबराव उढाण यांचा एकच फोन. त्यांनी त्याच दिवशी येऊन तक्रार दिली. मी केबल मागितली, ती आली नाही. ‘केबल शिल्लक नाही’ याला आकडाच नाही. आमचे साहेब म्हणाले, “लाल दिसता कामा नये. तुमचं तुम्ही बघा.” सात आकडा म्हणजे ग्राहकाचे घर बंद. सात टाकला की तीन दिवस घड्याळ थांबते. मी चार वेळा सात टाकला. कोणी हात धरून टाकायला लावला नव्हता. मी माझी कातडी वाचवली.

दि. ३ मार्च रोजी सकाळी साहेबरावांची आई सोनूबाई, वय ७०, यांना दम्याचा झटका आला. अशा वेळी दवाखान्यात नेण्यासाठी घनसावंगीहून जीप फोनवर बोलावीत. सून बेबीनंदा फोन पुन्हा पुन्हा उचलून पाहत होती, असे समजले. साहेबराव फोन करण्यासाठी सायकलवर गावात आले. जीप पोहोचेपर्यंत सोनूबाई गेल्या होत्या.

दि. १० रोजी साहेबराव केंद्रात आले व तक्रारीचा छापील कागद मागून वाचला. म्हणाले, “चार येळा आल्तास व्हय रे? माझी माय तर दिवसभर ओट्यावरच बसून राहायची. तिला कुलूप समजलास का?” त्यांनी मला एक थोबाडीत मारली. सरकारी नोकरास मारहाण झाली म्हणून तक्रार साहेबांनी दिली आहे. माझी तक्रार नाही. एकच मारली, याची मला लाज वाटते.

दि. १२ रोजी केबल आली. मी जोड मारला. केंद्रातल्या ऑपरेटर नंदाबाईंना, जुन्या रिवाजाप्रमाणे अकरा वाजता त्या घरी फोन लावा, असे सांगून वस्तीवर गेलो. दशक्रियेसाठी सगळे गोदावरीवर गेले होते. दाराला कुलूप होते. अकरा वाजता आत घंटी वाजली. बराच वेळ वाजली. “येतो आवाज” म्हणायला कोणी नव्हते.

ती तक्रार मी अजून बंद केलेली नाही. पडद्यावर लाल आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे, काही गाळलेले नाही. सही करतो.