बालवाडीचा झोका

तुम्ही बजेटचा विषय काढलात, म्हणून मंगलचं सांगते. मी तेव्हा शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यात बालवाडी चालवायची. मंगल पाच वर्षांची होती. सरकार आपल्याला झोका देणार आहे, असं मी एकदा मुलांपुढे बोलून गेले. तेव्हापासून ती रोज विचारायची, "बाई, झोका कव्हय येई?"

मी तालुक्याला गेले. साहेब म्हणाले, "अक्का, यंदाच्या बजेटात मुलांच्या खाऊपुरतेच पैसे आलेत. झोक्याचं पुढच्या वर्षी बघू." दर वर्षी ते हेच सांगायचे, आणि ते खोटं नसायचं. मंगल पहिलीत गेली, तरी येता-जाता दारातून डोकावून जायची.

झोका आला तेरा वर्षांनी. त्याच आठवड्यात मंगल लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली होती. मी निरोप धाडला. मुलं घरी गेल्यावर ती आली, इकडेतिकडे पाहिलं आणि पदर खोचून झोक्यावर बसली.

मग म्हणाली, "बाई, आते पाय जमीनले लागतस."

"उचलून धर," मी म्हटलं, आणि मागून तिला झोका दिला.